ही कळव्याला थांबते का?

दादरच्या पुलावर उभं राहायला कोणी मनाई करत नाही. पण उभं राहू देतही नाही. म्हणून मी दुपारी अडीचची वेळ धरली होती. सकाळच्या लोंढ्यात कोण कुठे बघतंय हे कळायला मार्ग नसतो. दुपारी माणसं जरा मान वर करतात, आणि मला तेवढंच बघायचं होतं. पुलावर लोकलच्या मार्गांचा एक नकाशा लावलेला होता. तासाभरात त्याच्यापाशी बरेच जण थांबले, बहुतेक सगळे त्याला पाठ टेकून. एकीने त्याच्या काचेत बघून टिकली सरळ केली.

मग कापडी पिशवी सांभाळत एक काका आले. ते मात्र नकाशासमोर नीट उभे राहिले. कपाळावरचा चष्मा खाली आणला, बोट ठाण्यापर्यंत नेलं, तिथून पुढच्या ठिपक्यावर टेकवलं आणि खूश झाले. कळवा सापडलं होतं. तेवढ्यात खाली गाडी येत असल्याची घोषणा झाली. काका माझ्याकडे वळले. "ताई, ही कळव्याला थांबते का?"

थांबत नव्हती. "नाही काका, ही फास्ट. ठाण्यानंतर एकदम डोंबिवली. तुम्ही स्लो पकडा."

"पण इथे तर कळवा आहे की!" त्यांचं बोट अजून ठिपक्यावरच होतं.

काकांचं बरोबर होतं आणि नकाशाचंही. काका विचारत होते एक, नकाशा सांगत होता दुसरंच. पुढचे काही महिने मी प्रवासाचे नकाशे, पाट्या, आलेख जमतील तेवढे पाहत सुटले, ते या एका गफलतीचा माग काढत.

या नकाशांच्या घराण्याचा मूळ पुरुष लंडनचा. १९३१ साली हॅरी बेक नावाचा एकोणतीस वर्षांचा ड्राफ्ट्समन तिथे घरी बसून होता. भुयारी रेल्वेच्या सिग्नल विभागातली त्याची नोकरी तात्पुरती होती, आणि कपात आली तेव्हा ती गेली. रिकाम्या वेळात त्याने एका वहीच्या पानावर पेन्सिलीने लंडनच्या भुयारी मार्गांची आकृती काढली. (ते कच्चं रेखाटन आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जपून ठेवलेलं आहे.) त्याआधीचे खिशातले नकाशे भूगोलाला धरून असत. खऱ्या जमिनीवर मार्ग जसा वळतो तसाच कागदावर वळवायचा, हा शिरस्ता. परिणाम असा की शहराच्या मध्यभागी नावांची नुसती चेंगराचेंगरी, आणि उपनगरांकडे निघालेल्या रेघा कागद संपला तरी संपायच्या नाहीत. बेकने भूगोल सोडून दिला. रेघ आडवी, उभी नाहीतर पंचेचाळीस अंशांत तिरपी, चौथा प्रकार नाही. मधला भाग फुगवला, उपनगरं जवळ ओढली, स्थानकांमधली अंतरं साधारण सारखी केली. जमिनीवरची एकच गोष्ट शिल्लक ठेवली ती थेम्स नदी, आणि तिलाही कोन शिकवले. त्याचं म्हणणं साधं होतं: माणूस जमिनीखाली गेला की वर कुठला रस्ता कसा वळतो याच्याशी त्याला काय करायचंय? गाडी कुठे बदलायची तेवढं कळलं की झालं.

प्रसिद्धी विभागाने पहिल्यांदा चित्र परत पाठवलं. फारच क्रांतिकारक वाटलं त्यांना. बेकने ते पुन्हा दिलं, १९३२ मध्ये थोड्या प्रती छापून अंदाज घेतला गेला, आणि जानेवारी १९३३ मध्ये खिशात मावणाऱ्या घडीच्या सुमारे ७ लाख प्रती निघाल्या. महिन्याभरात पुन्हा छापाव्या लागल्या. बेकला ही कल्पना विजेच्या सर्किटवरून सुचली, असं हटकून सांगितलं जातं. सिग्नलच्या वायरिंगची चित्रं काढणं हा त्याचा धंदाच होता, तेव्हा गोष्ट जुळतेही. पण त्याची थट्टा पहिल्यांदा बेकनेच करून ठेवली आहे. १९३३ मध्येच कर्मचाऱ्यांच्या मासिकात त्याने आपलाच नकाशा खराखुरा विद्युत-आराखडा म्हणून काढून दाखवला. अशी आकृती काढणारा तो पहिला नव्हता हेही सांगायला हवं. जॉर्ज डाऊ इंग्लंडच्याच दुसऱ्या एका रेल्वेसाठी १९२९ पासून सरळ रेघांची चित्रं काढत होता, आणि बर्लिनच्या उपनगरी रेल्वेनेही १९३१ मध्ये भूगोल सैल केला होता. पण एवढ्या गुंत्याच्या जाळ्यावर एवढी कडक शिस्त बेकनेच लावली, आणि पुढे जवळजवळ तीस वर्षं तो तिला घासूनपुसून घेत राहिला.

शेवट कडू झाला. १९६० मध्ये नवा नकाशा भिंतीवर लागला, त्यावर प्रसिद्धी अधिकारी हॅरोल्ड हचिसन यांचं नाव होतं. चित्राचा सांगाडा बेकचा, सही दुसऱ्याची. बेकने वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, भांडला. उपयोग झाला नाही. १९७४ मध्ये तो गेला. १९९७ पासून मात्र लंडनच्या प्रत्येक नकाशावर मूळ कल्पना त्याची असल्याची ओळ बारीक अक्षरांत छापली जाते.

एखादी गोष्ट सोपी करून सांगितली की लोक ती खरी मानू लागतात, हे आपल्याला पुराणांपासून ठाऊक आहे. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या दोन स्थानकांमध्ये प्रत्यक्षात जेमतेम २६० मीटर अंतर आहे, चहाच्या टपरीपर्यंत जावं तेवढं. नकाशावर ते इतर कुठल्याही दोन स्थानकांएवढंच दिसतं. म्हणून माणसं सरकत्या जिन्याने पाताळात उतरतात, गाडीची वाट बघतात, एक स्थानक जातात आणि पुन्हा वर येतात. २०१५ मध्ये तिथल्या वाहतूक प्राधिकरणाने शेवटी दोन स्थानकांमध्ये चालायला किती मिनिटं लागतात हे लिहिलेला वेगळा नकाशाच काढला. न्यूयॉर्क विद्यापीठातले झान गुओ यांनी लंडनच्या प्रवाशांचा अभ्यास करून २०११ मध्ये आणखी पुढचं काही मांडलं. कोणत्या मार्गाने जायचं हे ठरवताना माणसावर नकाशातल्या लांबीचा प्रभाव प्रत्यक्ष प्रवासाच्या वेळेच्या जवळजवळ दुप्पट असतो. म्हणजे रोज त्या गाडीत बसणारा, घड्याळ मनगटावर असलेला माणूसही स्वतःच्या अनुभवापेक्षा भिंतीवरच्या चित्रावर विसंबतो.

थेम्सचा किस्सा तर मजेचा आहे. २००९ मध्ये नकाशा आणखी मोकळा करायचा म्हणून नदी पुसून टाकली गेली. भुयारी रेल्वेच्या प्रवाशाला नदीचं काम काय, हा युक्तिवाद बेकच्याच शाळेतला. पण शहरात ओरडा झाला, महापौरांनीही कान उपटले, आणि काही महिन्यांतच नदी परत वाहू लागली. आपण नदीच्या अलीकडचे की पलीकडचे, हे लंडनकराला गाडी बदलण्यासाठी लागत नसेल, स्वतःची ओळख पटायला लागतं. आपल्याकडे कोणी 'ईस्ट' आणि 'वेस्ट' हे शब्द पुसून बघावेत.

न्यूयॉर्ककरांनी हेच भांडण जास्त जोरात केलं. १९७२ मध्ये मॅसिमो विन्येली या इटालियन डिझायनरच्या चमूने तिथल्या सबवेसाठी देखणा नकाशा केला. प्रत्येक मार्गाला आपली रंगीत पट्टी, सगळे कोन काटेकोर. पाणी मात्र बेज रंगाचं आणि बागा करड्या. सेंट्रल पार्क प्रत्यक्षात सुमारे ४ किलोमीटर लांब आणि ०.८ किलोमीटर रुंद, म्हणजे लांबलचक आयत. विन्येलीने तो जवळजवळ चौकोनी केला. लंडनमध्ये हे खपून गेलं असतं. तिथले रस्ते मुळातच वाकडेतिकडे, आपण कुठल्या दिशेला आहोत हे लंडनकराला जमिनीवरही धड ठाऊक नसतं. मॅनहॅटनचा माणूस चौकटीच्या वहीत राहतो. रस्त्यांना क्रमांक, दिशा ठरलेल्या. त्याला ढळढळीत दिसत होतं की चित्र खोटं बोलतंय. सात वर्षांत, १९७९ मध्ये, मायकेल हर्ट्झ यांच्या कंपनीने केलेला भूगोलाला धरून असलेला नकाशा आला आणि तोच पंचेचाळीस वर्षं टिकला. एप्रिल २०२५ मध्ये न्यूयॉर्कने पुन्हा सरळ रेघांची आकृती आणली. विन्येली २०१४ मध्ये गेले, हर्ट्झ २०२० मध्ये. वाद कोणी जिंकला हे विचारायला दोघांपैकी कोणी उरलेलं नाही.

मला विचाराल तर न्यूयॉर्कच्या भांडणात दोन्ही बाजू सौंदर्याबद्दल फार बोलल्या. इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ मॅक्स रॉबर्ट्स यांनी पॅरिसच्या मेट्रोचा नकाशा संपूर्णपणे वळणदार रेघांत काढून लोकांना त्यावर मार्ग शोधायला लावले. नेहमीच्या सरळ-तिरप्या नकाशापेक्षा तो काहींना बराच जलद जमला. पण कोणता नकाशा आवडला आणि कोणत्यावर काम लवकर झालं, यांचा एकमेकांशी मेळ बसला नाही. आवडणं एक, उपयोगी पडणं निराळं.

आता आपल्या गावात. मुंबईच्या लोकलला सगळे 'जाळं' म्हणतात. पण जाळं कसलं, तीन-चार दोऱ्या आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला ३४ किलोमीटर गाडी धावली, तेव्हाच या दोऱ्यांची दिशा ठरली. दक्षिणेला समुद्र, दोन्ही कडांना पाणी, वाढायचं ते उत्तरेकडे. एक दोरी चर्चगेटहून विरारकडे, एक सीएसएमटीहून कल्याणकडे, तिथून कसाऱ्याला आणि कर्जतला फुटलेली, एक हार्बरची. पुढे ठाण्याहून वाशी-पनवेलची आणि नेरूळ-बेलापूरहून उरणची आडवी जोड. गाडी बदलण्याची महत्त्वाची ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजावीत एवढी: दादर, कुर्ला, वडाळा, अंधेरी, ठाणे. हा नकाशा मुंबईकराला शिकवावा लागत नाही, त्याला तो पाढ्यासारखा येतो. परळ, करी रोड, चिंचपोकळी, भायखळा. झोपेतून उठवून विचारा.

त्यामुळे बेकचा प्रश्न, गाडी कुठे बदलू, हा मुंबईत कधी मोठा प्रश्नच नव्हता. इथला प्रश्न काकांचा: ही थांबते का? स्लो की फास्ट? बारा डब्यांची की पंधरा? कुठल्या फलाटावर? दिवसाला तीन हजारांहून जास्त फेऱ्या, आणि डब्याच्या दारातून आत शिरायला मिळणारे सेकंद मोजके. लंडनकराच्या डोक्यात ठिकाणांची आकृती असते. मुंबईकराच्या डोक्यात वेळा असतात. तो गाडीला नावही वेळेचंच देतो. 'सात एकवीस चुकली' म्हणणाऱ्याला कोणी विचारत नाही, सात एकवीस काय? ती एक गाडी असते, तिच्यात ठरलेली माणसं असतात, ठरलेली चौथी सीट असते, श्रावणातला सत्यनारायणही तिच्यातच होतो.

म्हणून या शहराचं खरं माहितीचित्र नकाशा नव्हे, इंडिकेटर. फलाटावरच्या त्या चौकोनात दोन-तीन अक्षरं आणि काही आकडे, बस्स. 'बीओ' म्हणजे बोरिवली, 'के' म्हणजे कल्याण, 'बीएल' म्हणजे बदलापूर. पण कर्जतला 'एस' आणि कसाऱ्याला 'एन' का? दोन्ही नावं क-पासून सुरू होतात. मी डोंबिवलीत वाढले, तरी कित्येक वर्षं मला हे कोडं होतं. उत्तर घाटांत आहे. कल्याणहून एक मार्ग ईशान्येला थळ घाटाकडे जातो, दुसरा आग्नेयेला बोर घाटाकडे. नॉर्थ-ईस्टचा 'एन', साऊथ-ईस्टचा 'एस'. भूगोल नकाशातून हद्दपार झाला तो असा अक्षराच्या आडोशाला येऊन राहिला. गंमत म्हणजे स्लो गाडीलाही 'एस'च. नवख्याने 'एस एफ' वाचलं तर त्याला वाटावं, गाडी एकाच वेळी स्लो आणि फास्ट आहे. रोजचा माणूस न थबकता वाचतो: कर्जत फास्ट.

दुसरं चित्र त्याहून मोठं आहे, इतकं मोठं की ते चित्र आहे हे ध्यानातच येत नाही. फलाटावरच्या तिरप्या रंगीत पट्ट्या. लाल-पिवळ्या दिसल्या की समोर फर्स्ट क्लास लागणार, हिरव्या-पिवळ्या दिसल्या की बायकांचा डबा. गाडी यायच्या आधीच माणसं जिथल्या तिथे उभी. हा एकास एक प्रमाणातला नकाशा. त्याची घडी घालता येत नाही, आणि वाचायला अक्षरही लागत नाही.

नुसत्या आकड्यांनीही किती फरक पडतो, यासाठी फलाटांच्या क्रमांकांचं उदाहरण घ्या. दादरला पश्चिम आणि मध्य, दोन्ही रेल्वेंनी आपापले फलाट एकपासून मोजले होते. 'एक नंबरवर भेटू' असं ठरवून दोघं जण दोन वेगवेगळ्या एक नंबरांवर उभे, आणि दोघंही एकमेकांवर चिडलेले, हा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालला. डिसेंबर २०२३ मध्ये पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच ठेवून मध्य रेल्वेचे ८ ते १४ केले. एक खिळा इकडचा तिकडे झाला नाही. फक्त आकडे बदलले आणि स्थानक एक झालं.

नकाशातली एक गोष्ट मात्र हसून सोडता येत नाही. ठिपक्याला रुंदी नसते. दोन रेघा जिथे भेटतात तिथे गोल काढला की चित्रापुरतं काम संपतं. त्या गोलात किती पायऱ्या, किती रुंद पूल, किती माणसं, हे चित्र सांगत नाही. परळ मध्य रेल्वेवर, प्रभादेवी पश्चिम रेल्वेवर. नावं दोन, रेघा दोन, प्रत्यक्षात एका पुलाचं अंतर. गिरण्या गेल्या, कचेऱ्या आल्या, आणि रोज हजारो माणसं त्या न काढलेल्या रेघेवरून एका मार्गावरून दुसऱ्यावर जाऊ लागली. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पाऊस आला, माणसं पुलाच्या जिन्यावर अडकली आणि चेंगराचेंगरीत २३ जण गेले. प्रभादेवीचं नाव तेव्हा एल्फिन्स्टन रोड होतं. नकाशाने तो अपघात टळला असता असं मी म्हणणार नाही. पूल रुंद असता तर टळला असता. पण जे चित्रात नसतं ते नियोजनाच्या टेबलावरही उशिरा पोचतं, असं मला वाटतं.

लिपीबद्दल थोडं, कारण हे नकाशे रोमन अक्षरांच्या पोटी जन्मले आणि आपण त्यांच्यात देवनागरी कोंबतो. लंडनच्या नकाशाला एडवर्ड जॉन्स्टनने १९१६ मध्ये घडवलेलं अक्षर मिळालं. मोठ्या लिपीतल्या रोमन अक्षरांची उंची सारखी, शब्द विटेसारखा रचता येतो. आपलं अक्षर तिमजली. वर वेलांट्या, मात्रा, रफार, मध्ये अक्षर, खाली उकार. 'कुर्ला' या एवढ्याशा शब्दात खाली उकार आहे आणि वर रफार आहे. 'मुलुंड'ला दोन उकार आणि डोक्यावर अनुस्वार. दोन ओळींमध्ये जागा सोडली नाही तर वरच्या नावाचा उकार खालच्या नावाच्या वेलांटीत अडकतो. शब्द तिरपा केला की जोडाक्षरं आणखी गिचमिड होतात. आणि शिरोरेषा! नाव रंगीत मार्गाला समांतर, अगदी खेटून लिहिलं की शिरोरेषाही एक बारीकसा रूळ वाटू लागते. मग 'छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस' एवढं नाव शेवटच्या ठिपक्यापाशी बसवायचं असतं.

त्यातून पाट्या तीन भाषांत. मराठी आणि हिंदीची लिपी एकच, म्हणून 'दादर' दोनदा लिहिलेलं दिसलं की परगावचा पाहुणा बुचकळ्यात पडतो. पण जरा पुढे जा. शीव, सायन. वांद्रे, बांद्रा. भायखळा, भायखला. एकाच पाटीवर एकाच गावाची दोन बारशी. शीव म्हणजे वेस, मुंबई बेटाची हद्द. पोर्तुगीज-इंग्रजांच्या तोंडी त्याचं सायन झालं, आणि तेच पुन्हा देवनागरीत येऊन मूळ नावाशेजारी बसलं. नकाशावर जागा कमी म्हणून एक नाव गाळायचं ठरलं तर कुठलं गाळाल? हा प्रश्न नुसता अक्षरजुळणीचा राहत नाही.

आणि ज्याला कुठलंच अक्षर वाचता येत नाही त्याचं काय? मेक्सिको सिटीने हे आधीच विचारलं होतं. १९६९ मध्ये तिथली मेट्रो सुरू झाली तेव्हा लान्स वायमन या अमेरिकी डिझायनरने प्रत्येक स्थानकाला एक चिन्ह देण्याची पद्धत घातली. चापुल्तेपेक म्हणजे तिथल्या जुन्या नाहुआत्ल भाषेत टोळाची टेकडी, म्हणून चिन्ह टोळाचं. आपल्याला यात नवल वाटू नये. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून आपण चित्र बघून मत देत आलो. आणि मुंबईचे डबेवाले तर डब्याच्या झाकणावर रंग, अक्षर आणि आकडा एवढ्यावर डबा कुठल्या स्थानकावरून निघाला, कुठे उतरायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर द्यायचा, हे सारं मांडतात. मार्ग आणि मुक्काम दोन्ही तळहाताएवढ्या झाकणावर. एवढी आटोपशीर आकृती बेकलाही आवडली असती. स्थानकांच्या पाट्यांवर मात्र आपण चित्राला जागा दिली नाही.

आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवणारे मंदार राणे यांनी विद्यार्थ्यांना घेऊन मुंबई लोकलचा एकत्रित नकाशा तयार केला, तो या सगळ्या अडचणींतून वाट काढणारा. डब्यात दारावर जी पट्टी असते तिच्यावर सहसा त्या एका मार्गाचीच स्थानकं असतात. दोन्ही रेल्वे, हार्बर आणि बाकीच्या जोडण्या एका चौकटीत बघायला मिळणं हीच मोठी गोष्ट. मधल्या काळात शहरही बदललं. ८ जून २०१४ ला वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो धावली, तेव्हा मुंबईच्या रेल्वेला पहिल्यांदा खरीखुरी आडवी रेघ मिळाली. मग २०२२-२३ मध्ये पश्चिम उपनगरांतल्या पिवळी आणि लाल. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी अशी भुयारी ॲक्वा मार्गिका सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत पोचली: ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं. मरोळ नाक्याला एकीतून दुसरीत, घाटकोपरला मेट्रोतून लोकलमध्ये. दोऱ्यांचं आता कुठे जाळं होतंय. बेकचा प्रश्न नव्वद वर्षांनी मुंबईच्या दाराशी येऊन उभा आहे, आणि त्याबरोबर त्याची खोटी अंतरंही. मेट्रोच्या नकाशात दादरचा गोल लोकलच्या दादरला चिकटलेला दिसतो. प्रत्यक्षात मेट्रोचं दादर प्लाझा-शिवाजी मंदिरच्या अंगाला. तिथून फलाट गाठायचा तर बाजारातून, फुलांच्या पाट्या आणि कोथिंबिरीच्या जुड्या चुकवत जायचं. गणपतीच्या आदल्या दिवशी तो गोल किती मिनिटांचा असतो ते दादरकरालाच विचारा.

काकांच्या प्रश्नाला उत्तर देणारं चित्र मला शेवटी सापडलं ते नकाशांच्या पुस्तकांत नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये इब्री नावाच्या अभियंत्याने पॅरिस-ल्यों मार्गाचं वेळापत्रक आलेखात काढलं, आणि एतियेन-ज्यूल मारे या शास्त्रज्ञाच्या ग्रंथामुळे ते जगापुढे आलं. एका अक्षावर स्थानकं, दुसऱ्यावर वेळ. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरपी रेघ. रेघ जितकी उभी, गाडी तितकी वेगात. गाडी थांबली की रेघ आडवी. याच रीतीने भारतीय रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर पिढ्यान्‌पिढ्या चार्ट काढत आले, कानाला फोन, हातात पेन्सिल. आता तो संगणकावर उमटतो, पण रेघा त्याच. कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाने या चार्टवरचा एक बिंदू सोसलेला आहे. रोहा ते ठोकूर, सुमारे ७४० किलोमीटरचा कोकण रेल्वेचा मार्ग अजून बहुतांश एकेरी. आपली गाडी कुठल्याशा स्थानकात अर्धा तास उभी राहते, माणसं खाली उतरतात, कोणीतरी म्हणतं, 'क्रॉसिंग आहे'. चार्टवर ते क्रॉसिंग खरोखरच दिसतं: एक रेघ चढती, एक उतरती, आणि दोन्ही एकमेकींना छेदतात ते नेमकं त्या स्थानकाच्या रेषेवर. मधल्या कोऱ्या जागेत छेदल्या तर टक्कर.

एका रविवारी मी आलेखाच्या कागदावर ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंतची दुपार काढायला बसले. उभ्या अक्षावर ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, आडव्यावर अडीच ते साडेतीन. वेळापत्रक बाजूला, पट्टी हातात. गाड्या चढत गेल्या तशा कागदावर तिरप्या रेघा पावसासारख्या पडू लागल्या. फास्टच्या रेघा उभट, त्या कळव्याची आडवी रेषा कापून न वळता वर जातात. स्लोच्या रेघा जरा कलत्या, आणि प्रत्येक स्थानकाच्या रेषेवर त्यांना एक बारीकशी पायरी. कळव्यालाही आहे. अर्ध्या मिनिटाची, पेन्सिलीचं टोक केलेलं नसेल तर दिसणारसुद्धा नाही एवढी.